माहिती जमते, ती जुळवणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरात एखादा मोठा गुन्हा घडला की वाचकांच्या पत्रांत दोन मागण्या हमखास दिसतात: कॅमेरे वाढवा आणि गस्त वाढवा. त्या मागण्या गैर नाहीत. मात्र बडोद्याच्या न्यायालयात अनेक वर्षे फौजदारी वकिली करताना दोषारोपपत्रांची जी बाडे चाळावी लागली, त्यांवरून माझे मत असे बनले आहे की मोठ्या गुन्ह्याच्या तपासात पोलिसांकडे काहीच माहिती नव्हती, असे फार क्वचित घडते. ती वेगवेगळ्या दप्तरांत पडून असते आणि शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम कोणाच्याच नावावर नसते. गुप्तवार्तेच्या कामातला हा दुवा कच्चा राहतो, तेवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत सुमारे सत्तर मिनिटांत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले आणि ५६ माणसे मरण पावली. पाठोपाठ सुरतेत न फुटलेले बॉम्ब आणि स्फोटके ठेवलेल्या मोटारी सापडल्या. मोटारी नवी मुंबईतून चोरलेल्या होत्या; म्हणजे चोरीची फिर्याद एका राज्यात, गाड्या दुसऱ्या राज्यात आणि गुन्हे दोन शहरांत. तपासाला वळण मिळाले ते आपल्या शेजारच्या भरूचमधून. तेथील एका पोलीस कर्मचाऱ्याने वर्तमानपत्रात छापलेले मोटारीचे छायाचित्र पाहिले आणि अशी गाडी आपण गावातल्या एका घराजवळ उभी असलेली पाहिली होती, हे त्याला आठवले. घर भाड्याने दिलेले निघाले, तेथून धागा मोबाइल क्रमांकांपर्यंत पोहोचला आणि ते क्रमांक आपापसांत केव्हा बोलत होते व केव्हा एकदम बंद पडले, यावरून कट उलगडत गेला. तीन आठवड्यांच्या सुमारास पोलिसांनी गुन्ह्याची उकल जाहीर केली. या तपासाची चर्चा होते ती बहुतेक वेळा कॉल रेकॉर्डच्या विश्लेषणापुरती. माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की टॉवरवरून मिळणाऱ्या हजारो कॉलच्या ढिगाऱ्यात नेमके काय शोधायचे, हे ठरवायला जमिनीवरची एक खूण लागते, आणि ती खूण ज्याच्यापाशी होती त्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला ती वर कळवावीशी वाटली व वर कोणीतरी ती ऐकून घेतली.

याच्या उलट काय घडते हे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या प्रकरणात दिसते. १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफ नावाच्या ट्रकचालकाने १३ स्त्रियांचे खून केले आणि त्याच काळात पोलिसांनी त्याची एकदा नव्हे, नऊ वेळा चौकशी केली होती. एका मृत स्त्रीच्या पर्समध्ये पाच पौंडांची कोरी नोट सापडली. ती ज्या कंपन्यांच्या पगारात वाटली गेली असावी, त्यांपैकी एका कंपनीत तो नोकरीला होता, म्हणून पोलीस त्याच्या दारी गेले. पुढे त्याची गाडी संशयास्पद वस्त्यांत वारंवार दिसल्याची नोंद झाली, म्हणून पुन्हा गेले. परंतु नोटेची चौकशी एका कार्डावर, गाडीची दुसऱ्या आणि जुन्या हल्ल्यांतून वाचलेल्या स्त्रियांनी केलेले वर्णन तिसऱ्याच ठिकाणी, अशी सारी व्यवस्था होती. भरीला १९७९ मध्ये खुन्याच्या नावाने आलेल्या एका ध्वनिफितीवर वरिष्ठांनी विश्वास टाकला आणि फितीतल्या आवाजासारखा ईशान्य इंग्लंडचा हेल ज्याच्या बोलण्यात नाही, तो संशयितांतून वगळला जाऊ लागला. फीत बनावट होती. जानेवारी १९८१ मध्ये शेफील्ड येथे गस्तीवरच्या दोन पोलिसांनी एका गाडीच्या खोट्या नंबरप्लेटवरून त्याला हटकले, तेव्हा कोठे तो हाती लागला. पुढे सर लॉरेन्स बायफर्ड यांनी या तपासातल्या त्रुटींचा अहवाल दिला आणि मोठ्या गुन्ह्यांतली प्रत्येक जबानी, नाव, वाहन व पत्ता एकमेकांशी ताडून पाहणारी ‘होम्स’ ही संगणक प्रणाली तेथील पोलीस दलांत आली.

आपल्याकडे साधने आहेत. गुजरातमध्ये ठाण्यांच्या नोंदींची ई-गुजकॉप ही संगणक प्रणाली आहे, हवालदाराच्या हातातल्या मोबाइलमध्ये त्या नोंदी दाखवणारे ‘पॉकेट कॉप’ हे ॲप आहे, विश्वास प्रकल्पाखाली शहरोशहरी कॅमेरे व ‘नेत्रम’ ही नियंत्रण केंद्रे आहेत. परंतु यंत्रात जे भरले जाते, त्याची अवस्था काय आहे? भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याची सक्ती शहरात आहे आणि भरूचचे उदाहरण पाहता ती योग्यच आहे. आमच्या सोसायटीचा चिटणीस या नात्याने असा एक अर्ज मी ठाण्यात नेला होता. ‘पूर्वीचा पत्ता’ या रकान्यात केवळ ‘राजकोट’ एवढाच शब्द होता आणि ओळख देणाऱ्याचा मोबाइल क्रमांक नऊच आकडी होता. दोन्ही गोष्टी मी टेबलावरच्या कर्मचाऱ्याच्या नजरेस आणून दिल्या. तो ‘चालशे’ म्हणाला, शिक्का मारला, पोच दिली आणि अर्ज सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यावर ठेवला. त्या माणसाला मी दोष देत नाही, कारण त्याच टेबलावर पासपोर्टच्या चौकशीचे कागद आणि हरवलेल्या मोबाइलचे अर्जही होते. पण मालकाला पोच मिळावी एवढाच जर या अर्जाचा उपयोग असेल, तर तो भरून घेण्यात सर्वांचाच वेळ वाया जातो.

खबऱ्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यांच्याविषयी एकतर तुच्छतेने बोलले जाते नाहीतर कौतुकाने. खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आलेले तत्त्व आहे आणि ते आवश्यक आहे. नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही. परंतु या संरक्षणाच्या आडोशाने खबरीची पारखच होत नाही, हा माझा आक्षेप आहे. जुगाराच्या अड्ड्यावरचा खबऱ्या पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याचा काटा काढण्यासाठी बोलतो, आणि दारूबंदीच्या राज्यात हे किती सहज घडते ते निराळे सांगायला नको. लष्करी गुप्तवार्तेत जुनी पद्धत अशी की सांगणारा किती भरवशाचा आणि सांगितलेली गोष्ट किती संभाव्य, यांना दोन स्वतंत्र श्रेणी द्यायच्या: पहिल्याला अक्षर, दुसऱ्याला आकडा. भरवशाचा माणूस ऐकीव बातमी सांगू शकतो आणि अट्टल लबाडही कधी डोळ्यांनी पाहिलेले खरे सांगून जातो. बनावट ध्वनिफितीच्या वेळी ही शिस्त पाळली असती, तर तिच्यावरून कोणालाही यादीतून वगळण्याचे धाडस झाले नसते. आपल्या ठाण्यांत मात्र खबर खरी की खोटी हे बहुधा ती आणणाऱ्या हवालदाराच्या वजनावर ठरते, आणि त्याची बदली झाली की त्याचे सारे खबरी त्याच्याबरोबर जातात.

खबर म्हणजे पुरावा नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. अहमदाबाद खटल्यात विशेष न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ७७ आरोपींपैकी ४९ जणांना दोषी ठरवले आणि २८ जणांना सोडले. तोवर साडेतेरा वर्षे गेली होती. ज्या कॉल रेकॉर्डवर तपास उभा राहतो, ते रेकॉर्ड न्यायालयात टिकायला ते कोणत्या यंत्रातून व कसे काढले, याचे प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ही अट पक्की केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने प्रमाणपत्रात तज्ज्ञाच्या सहीची भर घातली. बचाव पक्षाचा वकील म्हणून या अटीचा फायदा मी घेतलेला आहे आणि पुढेही घेईन. माहिती जुळवणारा माणूस पहिल्या दिवसापासून तपास अधिकाऱ्याशेजारी बसला, तर कोणता दुवा नुसता दिशादर्शक आहे आणि कोणत्याचे पुराव्यात रूपांतर करायचे आहे, हे वेळेत ठरेल.

एक धोका मात्र लहान नाही. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण छारा वा पारधी कुटुंबातला मुलगा आजही चोरी झाली की आधी उचलला जातो. या अन्यायाविरुद्ध १९९८ साली गणेश देवी, महाश्वेतादेवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी संघटना उभी केली ती आपल्या बडोद्यातूनच, हे येथल्या मराठी वाचकांना ठाऊक असेल. जातीवरून केलेला तर्क संगणकात घातल्याने माहिती ठरत नाही. उलट त्याला अधिकृतपणाचा मुलामा चढतो. म्हणून कोणाच्या नावावर कोणती नोंद आहे, ती कोणी व कशाच्या आधारे केली आणि ती केव्हा पुसली जाणार, याची तपासणी पोलीस दलाबाहेरच्या कोणीतरी ठरावीक काळाने केली पाहिजे.

तपास आणि बंदोबस्त ही कामे वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंह खटल्यात २००६ मध्येच सांगितले आहे. प्रत्यक्षात गणपती विसर्जन आले, नवरात्रातले गरबे आले, निवडणूक आली की तपासावरचे अधिकारी रस्त्यावर उभे राहतात आणि त्यांच्या कपाटातल्या केस डायऱ्या तशाच राहतात. बडोद्याच्या गुन्हे शाखेत बंदोबस्ताला कधीच न पाठवायची चार-पाच माणसे केवळ विश्लेषणासाठी नेमावीत. त्यांत सांख्यिकी व संगणक शिकलेले नागरी कर्मचारीही घ्यावेत, महाराजा सयाजीराव विद्यापीठातून असे तरुण दरवर्षी बाहेर पडतात. त्यांनी भाडेकरूंचे अर्ज, वाहनचोरीच्या फिर्यादी आणि बीटवरच्या नोंदी एकत्र वाचाव्यात, आणि ज्या हवालदाराने माहिती दिली त्याला तिचे पुढे काय झाले ते कळवावे. हा शेवटचा भाग बिनखर्चाचा आहे आणि तोच सर्वांत कमी होतो. एकदा दिलेल्या खबरीचे उत्तर आले नाही की माणूस दुसऱ्यांदा देत नाही.

आपल्या वार्ताहरांनी शहरातल्या प्रत्येक ठाण्याला दोन प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षभरात जमा झालेल्या भाडेकरू अर्जांपैकी किती अर्जांची पडताळणी झाली, आणि ती करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे आणखी कोणकोणती कामे आहेत. जी उत्तरे मिळतील ती ठाण्यांच्या नावांसह छापावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वकील वाचक,
दांडिया बाजार, बडोदे