रेकॉर्डसोबत तिची आठवणही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांसाठी एक कोपरा सुरू करा अशी विनंती आहे. ज्यांच्या घरी जुन्या रेकॉर्ड्स आहेत त्यांनी आपल्या आवडीची एक निवडायची, ती कोणी आणली, कधी लागायची, कोण ऐकायचं एवढं लिहून पाठवायचं, बस्स.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर होता आणि किशोरीताई आमोणकरांची लाँग प्ले, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. आजीचा नियम कडक, भूप दिवेलागणीनंतर, शुभंकरोती झाली की, आणि बागेश्री रात्री जेवणं, झाकपाक सगळं आटपल्यावरच, त्यामुळे ती रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी सलग ऐकलीय असं आमच्याकडे कधी झालंच नाही. माडीची जमीन लाकडी, कोणी धाडधाड चाललं की सुई उडायची म्हणून रेकॉर्ड लागली की सगळे भिंतीच्या कडेकडेने जायचे, पाहुणेसुद्धा. आता मोबाईलवर कधीही काहीही लागतं पण भर सकाळी कोणी भूपातलं 'सहेला रे' लावलं की मला अजूनही खटकतं.

आता मुद्द्याचं. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीत कितीतरी घरांतलं सामान पाण्यात गेलं, आमच्या रेकॉर्ड्सही गेल्या. तबकड्या धुतल्या, सावलीत वाळवल्या, बऱ्याचशा वाजतात. पण कव्हरांचा पार लगदा झाला आणि त्या कव्हरांवरच शाईने लिहिलेलं असायचं, कोणाच्या लग्नातला आहेर, कोणाच्या पहिल्या पगाराची, कुठल्या दिवाळीची. गाणं राहिलं आणि आमच्या घरचं जे होतं ते गेलं, आणि सांगणारी माणसंही आता नाहीत. म्हणून म्हणते, लिहून काढा.

मोठ्या कलाकारांची मला तेवढी काळजी नाही. केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलीय. पण पोवाडे, वग, कीर्तनं, नकला, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या त्या जुन्या ७८ च्या तबकड्या, त्यातल्या कितीतरी नेटवर शोधून सापडत नाहीत आणि इकडे लोक रेकॉर्ड्स भंगारात देतात नाहीतर गरम करून त्यांचे वाडगे आणि भिंतीवरची घड्याळं करतात. हे बघून फार वाईट वाटतं हो.

ज्यांच्याकडे आहेत त्यांना हात जोडून सांगते, एकावर एक आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. ७८ वाली तबकडी लाखेची असते, ती स्पिरिटने अजिबात पुसू नका, लाख विरघळते. आणि ग्रामोफोनची लोखंडी पिन लाँग प्लेवर लावायची नाही, एकदाच लावली तरी रेकॉर्ड खराब होते.

प्लेअर नसला तरी पत्र लिहिता येईल. लेबलवर गाणं, गायक आणि रेकॉर्डचा नंबर छापलेला असतो, तेवढा तुमच्याकडे छापून आला तर मुंबईत १९९० पासून काम करणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथल्या जाणकारांनाही उपयोग होईल. जागा कमी असली तर आठवड्याला एकच पत्र छापा, पण या दिवाळीच्या आत सुरू करा, कारण ज्यांना आठवतंय ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

कळावे,
तुमची एक वाचक, सांगली