माल घेतला की पट्टी द्यावी

सांगली,
रविवार

चि. शर्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पुढच्या महिन्यापासून गावोगाव जाऊन लोकांशी त्यांच्या घरगुती औषधांबद्दल बोलायचंय. प्रयोगशाळेत मला काही वाटत नाही, पण या बोलण्याची भीती वाटते." हळदीचा सौदा ऐन रंगात होता, मागे हमालांचा गलका, म्हणून मी घाईनं फोन ठेवला. ते दोन दिवस मनाला लागून राहिलंय. आज मार्केट यार्ड बंद आहे, म्हणून निवांत बसून लिहितो. संशोधन कसं करायचं ते तुझे गाइड शिकवतील. पण संशोधक ज्यांच्या दारात येतात, त्या बाजूला मी तीस वर्षं बसलोय. त्या बाजूनं काय दिसतं ते तुला माझ्याशिवाय कोण सांगणार?

तू जन्मायच्या आधी एका विद्यापीठातून एक गृहस्थ आपल्या अडतीवर आले होते. त्यांना हळदीचे नमुने हवे होते. आजोबांनी स्वतः बसून बारा पिशव्या भरल्या. प्रत्येकीवर गाव, शेतकरी, शिजवणीची तारीख, सगळं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. चहा झाला, जेवण झालं. "निकाल आला की पत्र टाकतो," म्हणून ते गेले. आजोबा पुढचे दोन हंगाम पोस्टमनला विचारत होते. त्यांना पैसा नको होता गं, कोणत्या गावच्या हळदीत काय निघालं एवढंच हवं होतं. शेवटी ते मला म्हणाले, "शेतकऱ्याचा माल घेतला की संध्याकाळी त्याच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, द्यावी लागते. यांनी माल नेला आणि पट्टी दिलीच नाही." त्यानंतर कुणी विद्यापीठातून आलं की आजोबा सरळ सांगायचे, नमुना विकत घ्या आणि चला.

मीही तसाच वागत आलो. दोन वर्षांपूर्वी त्या मॅडम आल्या, तोपर्यंत.

त्या रसायनशास्त्राच्या. फेब्रुवारीचे दिवस होते, आवक जोरात होती. मी म्हटलं, बसायला वेळ नाही. त्या म्हणाल्या, "मग उभ्यानं बघते." ढिगाशेजारी दीड तास उभ्या राहिल्या, वहीही काढली नाही. गर्दी ओसरल्यावर एकच प्रश्न विचारला, "हळकुंड चांगलं वाळलंय हे तुम्हाला कसं कळतं?" मी एक हळकुंड मोडून दाखवलं. नीट वाळलेलं असलं की खणकन वाजतं, ओल राहिली असेल तर आवाज बसका येतो. त्यांनी स्वतः आठ-दहा मोडून पाहिली, कान जवळ नेऊन. मग वही काढली.

त्यांचा एक प्रश्न नेहमीचा होता, "हे कसं कळलं?" तो त्या संशयानं विचारत नसत, खरंच जाणून घ्यायचं असायचं. त्यामुळे माणूस आठवून आठवून सांगतो. मी त्यांना हरिपूरच्या पेवांचं सांगितलं. जमिनीखालची ती खोल कोठारं तू लहानपणी वरून वाकून पाहिली आहेस. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आतल्या हवेत प्राणवायू पुरेसा नसतो. आजोबा तोंड उघडून ठेवायचे, थांबायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला की परत थांबायचं. तळापर्यंत जळत गेला तरच माणूस उतरायचा. अनुभवी माणसं काठावर "आता हरकत नाही" म्हणत असली, तरी आजोबा कंदील सोडल्याशिवाय कुणाला उतरू देत नसत. मॅडमनी हे अक्षरशः लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "विझू शकेल असा कंदील सोडायचा. आमच्या कामात हेच सगळ्यात अवघड असतं."

त्याचा अर्थ मला पुढच्या खेपेला कळला. अमेरिकेतल्या हळदीच्या पेटंटची गोष्ट मी कुणालाही अभिमानानं सांगतो, तशी त्यांनाही सांगितली. 1995 साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक संशोधनाच्या सरकारी संस्थेनं, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना त्याला आव्हान दिलं आणि 1997 साली ते रद्द करून घेतलं. मी शेवटी म्हणालो, "म्हणजे हळदीनं जखम भरते हे अमेरिकेनंही मान्य केलं." मॅडम क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, तिथं प्रश्न वेगळा होता. ही गोष्ट नवी आहे का, एवढंच बघायचं होतं. जुने ग्रंथ आणि जुने निबंध दाखवून ती नवी नाही हे आपण सिद्ध केलं. ती किती आणि कोणत्या जखमेवर लागू पडते, हे तिथं कुणी विचारलंच नव्हतं." जुनं असणं आणि खरं असणं यात फरक आहे, हे मला साठीला आल्यावर कळलं. पण त्यांनी ते मला कमी लेखून सांगितलं नाही, म्हणून पचलं. तू कुणाचा समज दुरुस्त करशील तेव्हा हे लक्षात ठेव. त्या माणसाचा अभिमान काढून घेऊ नकोस, फक्त तो कुठं ठेवायचा ते दाखव.

त्याच दिवशी त्यांनी टेबलावर एक गंमत दाखवली. कोरोनातली सॅनिटायझरची बाटली अजून होती. काचेच्या ग्लासात थोडं सॅनिटायझर ओतलं, चिमूटभर हळद घातली, खळबळून गाळ बसू दिला आणि ग्लास आपल्या नोटा तपासायच्या मशीनच्या जांभळ्या दिव्याखाली धरला. दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. ते पिवळं पाणी हिरवट पिवळं उजळलं, जणू आत काजवा आहे. मॅडम म्हणाल्या, "औषध लागू पडलं की नाही हे प्रयोगशाळेत बऱ्याचदा अशाच उजेडावरून मोजतात. पण हळदीतलं पिवळं द्रव्य, कुर्क्युमिन, स्वतःच उजळतं. मशीन सांगतं 'लागू पडलं', आणि दिसलेला असतो नुसता त्याचाच उजेड." मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथरिन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली हेच मांडलं, असंही त्यांनी सांगितलं. कुर्क्युमिनच्या माणसांवरच्या 120 हून जास्त चाचण्या त्यांनी पाहिल्या. ज्यात रुग्णाला आणि डॉक्टरलाही कोणती गोळी खरी हे ठाऊक नसतं, अशी एकही चाचणी त्यांना यशस्वी झालेली दिसली नाही. मी हळदीवर जगतो, शर्वरी. ते ऐकताना छातीत धस्स झालं. पण त्या बाईंवर विश्वास बसला तो त्याच संध्याकाळी.

म्हणून मग मी त्यांना तुझ्या आजीचं सांगितलं. तुलाही ते नीट सांगितलेलं नाही, तुझी परीक्षा होती म्हणून आम्ही फोनवर "बोटाला जखम झाली होती, काढावं लागलं" एवढ्यावर भागवलं. आता सगळं ऐक.

श्रावणात आजीच्या उजव्या पायाच्या करंगळीशेजारी फोड आला. नव्या चपलेचा असावा. साखर तिला पंधरा वर्षांची. मी आपल्याच दुकानातली, स्वतः निवडलेली राजापुरी हळद दळून आणली. तेलात कालवून तुझी आई रोज लावायची, वर स्वच्छ फडकं बांधायची. मी रोज विचारायचो, "दुखतंय का?" आजी म्हणायची, "नाही रे, अजिबात नाही." मला वाटायचं, भरत चाललीय. असे बावीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी वास आला. मिरजेला नेलं, तेव्हा बोट काळं पडलं होतं. वेळेत आणलं असतं तर बोट कदाचित वाचलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ते "कदाचित" मी अजून उराशी घेऊन आहे.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "हळदीमुळे झालं" असं त्या म्हणाल्या नाहीत, "तुमची काही चूक नाही" असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हळद काही जंतूंची वाढ प्रयोगशाळेत रोखते, इथपर्यंत मला माहीत आहे. मधुमेहाचा पाय मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना घेऊन येते." आणि आणलं! पुढच्या महिन्यात एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉक्टर त्यांच्यासोबत आले. त्यांनी खिशातून गळाच्या दोरीसारखा नायलॉनचा धागा काढला. तळपायाला टेकवून तो वाकेपर्यंतच दाबायचा, म्हणजे बरोबर 10 ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून बसायचं आणि धागा कळला की "हो" म्हणायचं. आजीला डाव्या पायावरही पाचापैकी तीन जागी कळलं नाही. साखरेनं नसा मरतात, म्हणून दुखत नव्हतं. जखम भरत होती म्हणून नव्हे. रक्तपुरवठाही कमी झालेला. आणि हळदीच्या पिवळ्या रंगाखाली कातडीची लाली, काळेपणा दिसलाच नाही. मी रोज "दुखतंय का" विचारत होतो, आणि तो प्रश्नच चुकीचा होता. फडकं सोडून, पाय धुऊन बघायला हवं होतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी आपल्या हमालांचेही पाय तपासले. साखर असलेले तिघे निघाले. एकाला टाचेवर आणि अंगठ्याखाली धागा कळलाच नाही. तो माणूस दिवसभर अनवाणी ढिगांवरून चालायचा. आता बूट घालतो, आणि रोज संध्याकाळी मी स्वतः त्याला तळवा दाखवायला लावतो.

एकदा मात्र मी मॅडमवर चिडलो होतो. त्यांनी विचारलं, "हळकुंडं पॉलिश करताना ड्रममध्ये इथं कुणी रंग घालतं का?" मी ताडकन म्हणालो, "आम्हाला चोर समजता का?" त्यांनी शांतपणे बांगलादेशातली हकीकत सांगितली. तिथं खेड्यातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं आणि ते कुठून येतं ते कळत नव्हतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या संशोधकांसोबत शोध घेतला, शेतकऱ्यांशी, गिरणीवाल्यांशी, व्यापाऱ्यांशी बसून बोलले. तेव्हा कळलं की 1980 च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजून निस्तेज झाली, आणि ती उजळ दिसावी म्हणून शिसं असलेला पिवळा रंग, लेड क्रोमेट, लावायची सवय पडली. 2019 साली ते प्रसिद्ध झाल्यावर तिथल्या सरकारनं कारवाई केली. बाजारातल्या नमुन्यांत भेसळीचं प्रमाण 47 टक्के होतं, ते 2021 पर्यंत शून्यावर आलं.

पुराचं नाव निघाल्यावर माझा राग उतरला. 2005 आणि 2019, दोन्ही पूर मी पाहिलेत. भिजलेल्या पोत्यांसमोर बसलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं ते मला ठाऊक आहे. तो रंग लावणारा पहिला माणूस राक्षस नसणार, बुडालेला असणार. तिथल्या संशोधकांनी त्याच्याकडे आरोपी म्हणून बोट दाखवलं असतं, तर तो बोलला असता का? मग मी मॅडमना पॉलिशच्या ड्रमाबद्दल मला माहीत होतं ते सगळं सांगितलं, आणि ओळखीच्या दोन पॉलिशवाल्यांकडे स्वतः घेऊन गेलो.

मामाला एक निरोप दे, माझं तो ऐकत नाही. तो मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल घेतो. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात 1998 साली दिसलं होतं की नुसतं कुर्क्युमिन रक्तात जवळजवळ उतरतच नाही, मिऱ्यातलं पायपरीन सोबत दिलं की 20 पट उतरतं. जास्त उतरतं म्हणून जास्त चांगलं असं नसतं. अमेरिकेत यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदीत हळदीच्या गोळ्यांमुळे झालेले 10 जण निघाले, त्यातला एक दगावला. आमटीतल्या चिमटीची गोष्ट वेगळी, ती त्यानं खुशाल खावी.

मागच्या हंगामात मॅडम परत आल्या. हातात मराठीत लिहिलेला एक कागद होता. गाव, शेतकऱ्याचं नाव आणि त्याच्या हळदीत कुर्क्युमिन किती टक्के. मी त्यातल्या प्रत्येकाला बोलावून कागद वाचून दाखवला. एकाचा आकडा सगळ्यांत कमी होता. त्यानं विचारलं, "माझंच का कमी? जमीन तीच, बेणं तेच." मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही. यंदा तुमच्या रानातून तीन वेळा नमुना घेते, मग बघू." तो माणूस खूश होऊन गेला! कमी आकडा हातात घेऊन खूश, कारण त्याला त्याची पट्टी मिळाली होती. आजोबा असते तर त्यांनी तो कागद पाकिटात घालून गादीखाली जपला असता.

तर भिऊ नकोस. चहा दिला तर घे. वही उशिरा काढ. आणि कुणाकडून काही नेलंस, मग ती मुळी असो की नुसती आठवण, तर परत जा.

आणखी एक काम आहे. पाडव्याला तू येशील तेव्हा आजीजवळ एक दुपार बस. डॉक्टर बोलत होते तेव्हा ती मान डोलवत होती, पण तिनं काही विचारलं नाही. गेल्या आठवड्यात तुळशीपाशी बसून ती तुझ्या आईला हळूच म्हणाली, "हळदीनं गेलं का गं माझं बोट, की मीच सांगितलं नाही म्हणून?" आईला उत्तर देता आलं नाही, मलाही आलं नाही. आजी म्हणाली, "राहू दे, शर्वरी आली की तिला विचारते."

तो नायलॉनचा धागा मी डॉक्टरांकडून मागून ठेवलाय. कपाटात, आजोबांच्या चष्म्याच्या डबीत आहे.

तुझा,
बाबा