उपचारनिधीतून परस्पर कापलेली रक्कम परत मिळण्याबाबत तक्रार पत्र

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मुंबई कार्यालय

विषय: भाचीच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी (अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी) जमलेल्या निधीतून जाहिरातखर्च वजा केल्याबाबत व दात्यांकडून न विचारता आपल्या कंपनीसाठी टिप घेतल्याबाबत.

महोदय,

माझ्या भाचीला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचे आणि त्यामुळे शरीरात साठणारे लोह कमी करण्यासाठी रोज गोळ्या घ्यायच्या, असे तिचे आजवरचे बालपण गेले आहे. धाकट्या भावाशी तिची एचएलए तपासणी (दाता जुळतो का हे पाहणारी तपासणी) पूर्ण जुळल्यामुळे डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटचा सल्ला दिला. रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्यांनी मुख्यमंत्री सहाय्यता निधी, प्रधानमंत्री राष्ट्रीय मदत निधी आणि सिद्धिविनायक मंदिर न्यास यांचे अर्ज आमच्याकडून भरून घेतले. तरीही उरणारी रक्कम मेहुण्यांच्या रिक्षाच्या कमाईतून उभी राहणे शक्य नव्हते, म्हणून लोकांकडून देणग्या गोळा करणाऱ्या आपल्या संकेतस्थळावर मी मोहीम सुरू केली. त्या पानावर ‘0 टक्के शुल्क’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते.

प्रत्यक्षात जमलेल्या 6,84,300 रुपयांतून ‘प्रमोशन’ या एका शब्दाखाली 1,21,500 रुपये आणि त्यावरील 18 टक्के जीएसटीचे 21,870 रुपये वजा झाल्याचे मला हिशेबाचा तक्ता हाती आल्यावर कळले. मोहिमेला जोर मिळावा म्हणून जाहिरात करू, असे आपले प्रतिनिधी फोनवर म्हणाले होते, पण तिचा खर्च मुलीच्या पैशांतून जाईल हे त्यांनी सांगितले नाही आणि माझी लेखी संमतीही घेतली नाही. कंपनी चालवायला खर्च येतो, हे मला मान्य आहे. मात्र तो आधी सांगून, आकडा दाखवून आणि होकार घेऊनच आकारला पाहिजे.

त्या जाहिरातीत हाताला सुई लावलेला भाचीचा जो फोटो वापरला, तो बहिणीने केवळ कागदपत्रांच्या पडताळणीसाठी पाठवला होता. त्याखाली ‘फक्त काही तास उरले आहेत’ असा मजकूर होता. थॅलेसेमियाचे ट्रान्सप्लांट तयारीनिशी, आधी तारीख ठरवून होते. डॉक्टरांनी काही तासांचा धोका कधीही सांगितला नव्हता. मुलीच्या वर्गातील पालकांनी ती जाहिरात पाहून घाबरून फोन केले, तेव्हा बहिणीला काय उत्तर द्यावे हे सुचेना. आजारी मुलाच्या नावाने लोकांना खोटी घाई लावणे मला अत्यंत अयोग्य वाटते.

दात्यांच्या बाबतीतही हेच घडले. आमच्या गावच्या किराणा दुकानदारांनी 500 रुपये दिले आणि त्यांच्या खात्यातून 590 गेले. त्यांनी मोबाइलवरची पावती मला दाखवली. पैसे भरण्याच्या पानावर रकमेखाली फिकट अक्षरांत टिप आधीच निवडून ठेवलेली असते, आणि ती नको असल्यास ‘इतर रक्कम’ उघडून शून्य लिहावे लागते. सगळे पैसे मुलीलाच मिळाले, असे त्यांना वाटत होते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार आधीच खूण केलेल्या चौकटीतून ग्राहकाची संमती गृहीत धरता येत नाही. तसेच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी न विचारता रकमेत भर घालणे आणि खोटी निकड दाखवणे, या दोन्ही प्रकारांना मनाई केली आहे.

ही कपात आम्हाला झेपणारी नाही. ट्रान्सप्लांटपूर्वीची केमोथेरपी मुलीची स्वतःची अस्थिमज्जा नष्ट करते, त्यामुळे केमोथेरपी सुरू झाल्यावर पैशांअभावी मध्येच थांबता येत नाही, आणि म्हणूनच पूर्ण आगाऊ रक्कम जमा झाल्याशिवाय रुग्णालय मुलीला दाखल करून घेत नाही.

तरी जाहिरातखर्च व त्यावरील कर मिळून 1,43,370 रुपये थेट रुग्णालयाच्या खात्यात वर्ग करावेत, जाहिरात कोठे व किती रकमेची केली याचा तपशील बिलांसह द्यावा, आणि तो फोटो सर्व ठिकाणांहून काढून टाकून तसे लेखी कळवावे. या मोहिमेतील ज्या दात्यांना टिप परत हवी असेल त्यांना ती मिळावी, आणि हे त्यांना आपणच ईमेलने कळवावे. लोकांच्या दारी जाऊन ते सांगण्याची वेळ आमच्यावर येऊ नये.

वरील नियमांनुसार 48 तासांत या तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. रुग्णालयाने आगाऊ रक्कम भरण्याची तारीख दिली असल्यामुळे निदान पैशांचा निर्णय त्यापूर्वी व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
मोहिमेचा आयोजक व रुग्ण मुलीचा मामा

सोबत: हिशेबाचा तक्ता, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, दात्याची पावती (त्यांच्या संमतीने), रुग्णालयाचे अंदाजपत्रक