घारापुरीच्या लाँचवरच्या दादांना

दादा, स. न. वि. वि.

तुमचं नाव ठाऊक नाही, म्हणून हे पत्र असं जाहीर लिहितेय.

18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, माणसं गेली. तेव्हापासून आईने समुद्राची धास्तीच घेतली होती. जन्म मुंबईत गेला, लेणी बघायची इच्छाही होती, पण बोटीचं नाव काढलं की ती विषय बदलायची. कशीबशी तयार झाली, तर गेटवेवर ही गर्दी! धक्क्याला लाँच एकीला एक लागून उभ्या, आणि आपली गाठायला मधली ओलांडून जायचं. आईचा पायच उचलेना.

मागचे लोक ओरडत होते. तुम्ही एक हात आडवा करून त्यांना थोपवलंत आणि म्हणालात, "मावशी, तुम्ही माझा हात धरू नका, मी तुमचं मनगट धरतो." घामेजलेला हात निसटतो, मनगटावरची पकड सुटत नाही. मग लाटेबरोबर दोन्ही लाँचचे काठ एका पातळीला येईपर्यंत थांबलात, आणि तेव्हाच म्हणालात, "आता!" आई पलीकडे पोचलीसुद्धा.

बरेच जण लाइफ जॅकेट मांडीवर ठेवून फोटो काढत होते. तुम्ही आईचे पट्टे माझ्याकडून आवळून घेतलेत, खांद्याशी धरून जॅकेट वर ओढायला लावलंत. हनुवटीपर्यंत सरकलं, म्हणजे सैल. पुन्हा आवळलं. मग एकेका प्रवाशापाशी जाऊन तेच. अपघाताचा शब्दही काढला नाहीत. भेदरलेल्या माणसाला आणखी न घाबरवता सावध करणं, याला मी फार मानते.

उतरताना म्हणालात, पायऱ्या शंभरावर आहेत, गुडघे दुखत असतील तर डोली करा. खाऊ, बाटली पिशवीत ठेवा, माकडं झडप घालतात. शेवटच्या लाँचवर राहू नका, तिला झुंबड उडते. वाटेत एका मुलाच्या हातचं वेफर्सचं पाकीट माकडाने ओढलंच. आमच्या हातात काही नव्हतं.

आणि त्या 18-20 फुटी त्रिमूर्तीसमोर आई कितीतरी वेळ उभी होती. परतायची घाई नाही, धास्ती नाही. हे तुमच्यामुळे, दादा. मनापासून आभार.

आता ती भावाच्या मुलांना घेऊन पुन्हा येणार म्हणतेय. त्यांचे पट्टे ती स्वतः आवळेल. मनगट मात्र तुम्हीच धरा.

तुमची,
मावशींची मुलगी