नारायण पेठेतल्या बाइंडर काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझ्या पदवीच्या अंतिम प्रकल्पाचे मूल्यमापन नुकतेच पार पडले. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर यांच्या निवडक ध्वनिमुद्रणांसाठी जी पेटी तुमच्या टेबलावर आकाराला आली, ती परीक्षकांनी उघडली, आतले सगळे बाहेर काढून पाहिले आणि कोणी काही न सांगता जसेच्या तसे परत ठेवले. आभार मानायला मी दुकानातच आले असते; परंतु तुम्ही ते "बरं बरं, चहा घे आधी" म्हणून उडवून लावले असते. प्रकल्पाच्या श्रेयनामावलीत आपले नाव नको, हा तुमचा आग्रह मी तेव्हा पाळला आणि इथेही पाळते आहे. तरीही तुमच्याकडून जे मिळाले ते चारचौघांसमोर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना वेष्टनाची रचना शिकवली जाते ती बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर, आणि पुठ्ठा, खळ व कापड यांच्यात आयुष्य घालवलेली माणसे आमच्या वर्गात सहसा येत नाहीत.

एखाद्या संगीत कलाकाराची निवड करून त्याच्या अल्बमचे संपूर्ण वेष्टन तयार करावे, म्हणजे आवरण, आतली पाकिटे, माहितीपुस्तिका आणि हे सर्व सामावणारी पेटी, असा आमच्या प्रकल्पाचा विषय होता. विक्रीसाठी काहीच करायचे नव्हते; मूल्यमापनापुरते मोजके नमुने पुरेसे होते. वर्गातल्या बहुतेकांनी आजचे गायक आणि बँड निवडले. मी केसरबाई निवडल्या, यामागे त्यांच्या गाण्याची ओढ होतीच, पण एका वेगळ्याच वेष्टनाचे आकर्षणही होते. १९७७ मध्ये 'नासा'ने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली, तांब्याची बारा इंची तबकडी आहे आणि तिच्यावर केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. व्हॉयेजर-२ त्या वर्षी २० ऑगस्टला आणि व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला निघाले. १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत निवर्तल्या. गोव्यातल्या केरी गावात १८९२ मध्ये जन्मलेल्या या गायिकेचा आवाज आज सूर्यमालेतल्या ग्रहांच्याही पलीकडे गेला आहे, हे मी तुम्हाला पहिल्याच भेटीत मोठ्या उत्साहाने सांगितले होते. त्यावर तुम्ही विचारलेला प्रश्न एकच होता: "तिचं पाकीट कशाचं केलंय?"

तुमचा तो प्रश्न पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरला. त्या तबकडीचे आवरण ॲल्युमिनियमचे आहे आणि त्याच्यावर ती वाजवायची कशी हे आकृत्यांनी कोरलेले आहे. सुई कुठे टेकवायची, एका फेऱ्याला किती वेळ लागला पाहिजे, हे सारे आकृतीत आहे. तो वेळ ३.६ सेकंदांचा असून तो हायड्रोजनच्या अणूच्या हिशेबाने मांडला आहे, कारण सेकंद म्हणजे काय हे पाहणाऱ्याला ठाऊक असेल असे गृहीत धरता येत नाही. सुई आणि तिचे कार्ट्रिजही सोबत ठेवले आहे. आवरणावर युरेनियमचा सूक्ष्म थर आहे, तो किती क्षीण झाला यावरून वस्तूचे वय काढता यावे म्हणून. हे सगळे ऐकून तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "म्हणजे ज्याला काही म्हणजे काही माहीत नाही, त्याच्या हातात द्यायची वस्तू आहे ती. तुझी पेटीही तशीच कर. पण कुठे काही लिहायचं नाही, हाताला कळलं पाहिजे." माझ्या प्रकल्पाच्या प्रस्तावनेत याच विचाराला मी तीन पाने दिली आहेत, तुमच्या तीन वाक्यांपुढे ती मला आजही फिकी वाटतात.

आपला वाद झाला तो चित्रावरून. मी तुम्हाला ॲलेक्स स्टाइनवाइस या अमेरिकन चित्रकाराविषयी सांगितले होते. कोलंबिया कंपनीच्या तबकड्या त्या काळी साध्या पुठ्ठ्याच्या आवरणांत विकल्या जात. १९४० च्या सुमारास त्याने त्यांच्यावर चित्रे छापायला सुरुवात केली आणि आज ज्याला आम्ही अल्बमचे मुखपृष्ठ म्हणतो ते तिथून रुजले. त्याचा दाखला देऊन मी मोठे चित्र मागत होते. तुम्ही सगळे शांतपणे ऐकून घेतलेत आणि इतकेच म्हणालात की त्या माणसाला दुकानाच्या काचेतून गिऱ्हाईक बोलवायचे होते. तुझ्या पेटीपाशी जो येईल तो केसरबाईंना ऐकायचे ठरवूनच आलेला असेल. शास्त्रीय संगीत म्हटले की भगव्या पार्श्वभूमीवर तंबोऱ्याची सावली आणि कोपऱ्यात एखादी समई, ही जी सवय आपल्याकडे सीडीच्या काळात घट्ट झाली, तिच्यातून मी वाचले ती तुमच्या या शेऱ्यामुळे. स्टाइनवाइसविषयीचा माझा आदर कमी झालेला नाही, परंतु त्याचे उत्तर त्याच्या प्रश्नाचे होते.

मग पुठ्ठा. पुठ्ठ्याची जाडी तुम्ही अजूनही औंसात सांगता आणि मी ती मिलिमीटरमध्ये विचारत राहते, त्यामुळे आपले पहिले काही संवाद शेजारच्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्या दादांची करमणूक झाले असावेत. त्या दिवशी तुम्ही करड्या पुठ्ठ्याच्या, एकाच मापाच्या दोन पट्ट्या कापल्यात, एक तावाच्या उभ्या बाजूने आणि एक आडव्या. दोन्ही टेबलाच्या कडेवरून सारख्याच बाहेर काढून वर वजन ठेवलेत. एक सरळ राहिली, दुसरी खाली झुकली. नंतर अस्तराच्या कागदाचा तुकडा एका बाजूने ओला करून माझ्या तळहातावर ठेवलात; तो पाहता पाहता नळीसारखा वळला, आणि नळी ज्या दिशेने लांब होती तीच त्याच्या तंतूंची, म्हणजे ग्रेनची दिशा असल्याचे तुम्ही दाखवलेत. कागद ओला झाला की तंतूंना आडवा फुगतो, वाळताना आकसतो आणि आकसताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून पुठ्ठा, वरचे आवरण आणि आतले अस्तर या तिन्हींचा ग्रेन एकाच दिशेने हवा, आणि बाहेरून जितकी ओढ बसते तितकीच आतूनही बसावी यासाठी अस्तर टाळून चालत नाही. अस्तर म्हणजे निव्वळ शोभा, अशीच माझ्यासह वर्गातल्या सगळ्यांची समजूत होती. पुण्याच्या पावसाळ्यात एक बाजू मोकळी ठेवलेले झाकण कसे वाकते, हे दाखवायला तुम्ही माळ्यावरून एक जुनी पेटी मुद्दाम खाली काढलीत.

झाकणाची परीक्षा हा या सगळ्या कामातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. कापड चढले की पेटीची भिंत बाहेरून जाड होते आणि झाकणाची आतून, त्यामुळे दोन्हींचे माप घेताना कापडाची जाडी प्रत्येक बाजूला धरावी लागते आणि वर हवा जाण्यापुरती फट सोडावी लागते. ही फट किती असावी याचा आकडा मी वारंवार विचारला, पण तुम्ही तो दिला नाहीत. झाकण पेटीवर टेकवायचे आणि हात काढून घ्यायचा. आतली हवा कडेकडेने बाहेर पडत राहते आणि झाकण स्वतःच्या वजनाने, घाई न करता, खाली बसते. धाडकन पडले तर सैल, मध्येच अडकले तर घट्ट. आमचे झाकण नीट बसले तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत; फक्त दोन्ही बाजूंना अंगठ्यासाठी अर्धचंद्राकृती खाच कापायला घेतलीत. परीक्षकांपैकी एकांनी पेटी उचलली तेव्हा त्यांचे अंगठे आपसूक त्या खाचांत गेले, हे मी मुद्दाम पाहिले आणि तुम्हाला कळवायचे म्हणून लक्षात ठेवले.

आतल्या पाकिटांची कल्पना तर सरळ तुमच्या संग्रहातून आली. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांची तपकिरी कागदाची जुनी पाकिटे तुम्ही वहीच्या पानांत दाबून जपली आहेत. मधोमध गोल भोक आणि त्यातून दिसणारे तबकडीचे लेबल, एवढीच त्यांची रचना. नाव पाकिटावर छापायची गरजच नाही, ते तबकडीवर आहे. मी ते भोक तसेच ठेवले. त्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन-चार मिनिटांची, तर लाँग प्ले (एलपी) तबकडीची एक बाजू वीस मिनिटांहून अधिक, त्यामुळे निवडक गाणी दोन तबकड्यांत, म्हणजे चार बाजूंत सहज बसत होती. चार बाजू मी रागांच्या चार वेळांना दिल्या: ललत पहाटेला, तोडी सकाळी, ललितागौरी दिवेलागणीला, मालकंस रात्री, आणि मैफलीच्या रिवाजाप्रमाणे शेवटी भैरवी, जी यानातून गेली तीच. पाकिटांच्या चार बाजूंसाठी वेगवेगळी चित्रे करण्यापेक्षा एकच स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, ठेवून फक्त शाई बदलावी, ही सूचना तुमची. लग्नपत्रिकांच्या हंगामातही शेजारच्या दादांनी तुमच्या शब्दाखातर मला एक दुपार दिली आणि दर बाजूनंतर स्क्रीन धुऊन नवी शाई घोटून दिली. चार शायांना मिळून जो खर्च आला, तो चाररंगी छपाईच्या मानाने किरकोळ होता, आणि एकाच आकृतीवर उजेड बदलत गेल्याचा जो परिणाम साधला तो मला चार चित्रांतून साधला नसता.

पेटीच्या कण्याविषयीही, म्हणजे ती उभी ठेवल्यावर समोर दिसणाऱ्या अरुंद बाजूविषयीही, लिहिले पाहिजे. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवतात, आडव्या रचल्या तर वाकतात. तेव्हा घरात वर्षानुवर्षे दिसतो तो कणाच. तिथे देवनागरी अक्षरे एकाखाली एक रचली तर शिरोरेषा तुटते आणि वेलांट्या निराधार होतात, म्हणून नाव सलग लिहून वरून खाली फिरवले, म्हणजे पेटी आडवी ठेवल्यावरही ते सरळ वाचता येते. 'केसरबाई केरकर' या नावात 'क' आणि 'र' पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांची एक लय होते; ती उठून दिसावी म्हणून अक्षरांमधले अंतर मी बराच वेळ कमीजास्त करत बसले होते. तुम्ही लांबूनच पाहून "आता पुरे" म्हणालात, आणि ते बरोबर होते.

माहितीपुस्तिकेत तुमचा हात कमी आहे, एका महत्त्वाच्या जागेचा अपवाद सोडून. केसरबाईंच्या शिक्षणाचा प्रवास मी तिच्यात मांडला आहे: लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे, मुंबईत बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले, आणि १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांची कठोर तालीम, जी खाँसाहेब १९४६ मध्ये जाईपर्यंत या ना त्या रूपात चालू राहिली. हा मजकूर मी आधी बारीक टाइपात, दोन स्तंभांत बसवला होता. तुम्ही पुस्तिका तबकडीच्या शेजारी धरलीत आणि विचारलेत की गाणे चालू असताना संध्याकाळच्या दिव्यात हे तुमच्या वयाचा माणूस वाचणार कसा. त्यानंतर टाइप मोठा झाला, स्तंभ एक झाला आणि पाने वाढली. शिवण दोऱ्याची घातली तीही पुस्तिका उघडली की सपाट राहावी म्हणून, कारण ऐकणाऱ्याचा एक हात बहुधा मांडीवर ताल धरत असतो, हे निरीक्षणही तुमचेच.

मजुरीचा विषय मी काढला की तुम्ही दरवेळी हिशेबाची वही दुसरीकडे सरकवलीत आणि पुठ्ठा, कापड व खळ यांच्यापलीकडे एक रुपयाही घेतला नाहीत. ते ऋण फेडायचा प्रयत्न मी करणार नाही, कारण तुम्हाला तो आवडणार नाही. काकूंनी दुपारचा डबा तिघांत वाटला, त्याबद्दल त्यांना माझा वेगळा नमस्कार सांगावा.

एक संच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा झाला आहे आणि एक मी तुमच्यासाठी राखून ठेवला आहे; पुढच्या आठवड्यात घेऊन येते. आमच्या पुढच्या तुकडीतल्या दोघी पुस्तकबांधणीवर प्रकल्प करू इच्छितात आणि तुमच्याकडे यायचे म्हणतात. तुमची हरकत नसेल तर त्यांना सोबत आणीन. पुठ्ठ्याची जाडी औंसात विचारायची, एवढे मी त्यांना आधीच सांगितले आहे.

आपली नम्र,
उपयोजित कलेच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी