मुलांना स्वतःची कविता स्वतःच्या आवाजात म्हणता यावी म्हणून : वाचनालयाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुटी संपली की आपल्या परिसरातल्या चार शाळांमध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कविता लिहिण्याचा आणि ती लोकांसमोर म्हणण्याचा वर्ग वाचनालय सुरू करत आहे. प्रत्येक शाळेत २० मुलं, १२ आठवडे, आठवड्यातून एकदा ८० मिनिटं. शेवटी मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने २६ आणि २७ फेब्रुवारीला वाचनालयाच्या पटांगणात सादरीकरण होईल. दोन संध्याकाळी अशासाठी, की ८० मुलांना प्रत्येकी दोन मिनिटं द्यायची तर ये-जा धरून चार तास लागतात, आणि तेवढा वेळ कुणीच मन लावून ऐकू शकत नाही. यासाठी ९८,००० रुपये, थोडं सामान आणि काही माणसं हवी आहेत.

शाळेत कविता म्हणायची म्हणजे चालीत म्हणायची, ही सवय पहिलीपासून लागते. पाठांतराला चाल उत्तमच. पण सातवीतला मुलगा स्वतःच्या घराबद्दल, शेताबद्दल, बंद पडलेल्या एसटीबद्दल लिहितो आणि तेही त्याच चालीत म्हणतो, तेव्हा शब्द ऐकू येतात, अर्थ पोचत नाही. दुसरी अडचण मोठ्यांनी शिकवलेल्या हातवाऱ्यांची. ‘नदी’ म्हटलं की हाताची लाट, ‘आई’ म्हटलं की छातीवर हात. मुलाचं सगळं लक्ष हाताकडे जातं आणि ओळ वाऱ्यावर राहते. म्हणून पहिले सहा आठवडे हात मोकळे सोडून, दोन्ही पाय खांद्याइतके अंतर ठेवून नुसतं उभं राहायचं. गुडघे ताठ आवळायचे नाहीत. तसं उभं राहिलं की काही मुलांना भोवळ येते.

सर्वांत जास्त वेळ आम्ही वाक्याच्या शेवटावर देणार आहोत. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच. घाबरलेलं मूल ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत श्वास संपवून बसतं, शेवटचा शब्द गिळतं आणि ‘मी कुणाला भीत नाही’चं ‘मी कुणाला भीत’ होऊन बसतं. ‘मोठ्याने बोल’ असं सांगून हे सुटत नाही. मूल पहिले दोन शब्द ओरडतं आणि श्वास आणखी लवकर संपतो. उपाय कागदावर आहे. कवितेच्या प्रतीवर पेन्सिलीने खुणा करायच्या : छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, पूर्ण श्वासाला दोन, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली अधोरेखा. मग पोटावर हात ठेवून ‘स्स्स’ असा सलग श्वास सोडायचा सराव. पंधरा सेकंद एकसारखा सोडता आला की दोन ओळी एका दमात आरामात जातात. खुणा खोडाव्या लागतात, पुन्हा कराव्या लागतात, म्हणून प्रत्येक मुलाला दोन वह्या : एक कच्ची, एक सादरीकरणाची.

कविता लिहिण्याचे नियम थोडे आहेत, पण पक्के. निसर्ग, देशप्रेम, माणुसकी असे मोठे शब्द पहिल्या मसुद्यात चालणार नाहीत. आधी याद्या करायच्या : घरात ऐकू येणारे पाच आवाज, शाळेच्या वाटेवरच्या पाच वस्तू, आपल्याला सांगितल्या जाणाऱ्या पाच सूचना. त्यातली एक निवडून तिच्यावर आठ ओळी. यमक जुळलं तर ठेवायचं, जुळवायला बसायचं नाही. यमकापायी मुलं न पाहिलेल्या गोष्टी लिहू लागतात. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोणतीही बोली बोलत असतील तर कविता त्या बोलीत येऊ द्यायची, तिचं प्रमाण मराठी करायचं नाही. ‘ण’ आणि ‘न’ची उजळणी वर्गात जरूर होईल, पण मुलाच्या आजीच्या तोंडचं वाक्य त्यासाठी दुरुस्त होणार नाही. पालकांना हात जोडून विनंती : कविता तुम्ही लिहून देऊ नका, मोबाइलवरची उतरवूही देऊ नका. उसनी ओळ म्हणताना मुलाचा आवाज लगेच सपाट होतो.

कवितेची मर्यादा २४ ओळी. पाठ करायची पद्धतही ठरलेली आहे : शेवटचं कडवं आधी, मग त्याच्या अलीकडचं, असं उलटं. पहिल्यापासून पाठ करणाऱ्या मुलाची सुरुवात पक्की आणि शेवट कच्चा राहतो. मध्ये अडकलं की ते पुन्हा पहिल्या ओळीवर जातं. सादरीकरणाच्या दिवशी पहिल्या रांगेत एक जण कागद घेऊन बसेल. मूल तीन सेकंद थांबलं की पुढच्या ओळीचे दोनच शब्द सांगायचे, पूर्ण ओळ नाही.

सातवी-आठवीतल्या काही मुलांचा आवाज याच वयात फुटतो. अशा मुलाला वरच्या पट्टीत बोलायला लावलं की आवाज चिरकतो, वर्ग हसतो आणि ते मूल पुन्हा उभं राहत नाही. त्याने बोलण्याच्या नेहमीच्या पट्टीतच म्हणायचं. बाकीचं काम माईक करतो, आणि म्हणूनच चांगल्या माईकचा खर्च आम्ही मागत आहोत. माईक हनुवटीच्या पातळीवर, तोंडापासून चार बोटं, किंचित तिरका. समोरासमोर धरला की ‘फ’, ‘भ’, ‘प’ला धाड्‌धाड्‌ आवाज होतो. जाळीवर मूठ आवळली किंवा स्पीकर मुलाच्या मागे ठेवला की शिट्टी वाजते. मोठ्यांच्या उंचीला अडकलेला स्टँड असला की मूल मान वर करून बोलतं, गळा ताणला जातो. म्हणून स्टँड तीन फुटांपर्यंत खाली येणारे हवेत. माईक सहाव्या आठवड्यापासून वर्गात न्यायचा आहे, कारण स्वतःचा मोठा झालेला आवाज पहिल्यांदाच कार्यक्रमात ऐकला तर मूल दचकतं.

वेळेची शिस्त आम्ही अमेरिकेतल्या स्लॅमवरून, म्हणजे कविता म्हणण्याच्या स्पर्धेवरून घेतली आहे. शिकागोत १९८६ साली ग्रीन मिल या ठिकाणी सुरू झालेल्या या प्रकारात सहसा तीन मिनिटांची मर्यादा असते, वाद्य आणि वेशभूषा नसते, आणि प्रेक्षकांतूनच निवडलेले पाच परीक्षक दहापैकी गुण देतात. आपण मर्यादा घेतली, दोन मिनिटांची केली. गुण मात्र घेतले नाहीत. बारा वर्षांच्या मुलाने घरातलं काही लिहून आणलं असताना त्याला साडेसहा गुण देणं योग्य नाही, असं आमचं ठाम मत आहे. बक्षिसांसाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी ती रक्कम वह्यांसाठी द्यावी.

खर्च असा. प्रशिक्षकांच्या दोन जोड्या असतील. एकेक जोडी दोन शाळा सांभाळेल : एक शुक्रवारी शेवटच्या दोन तासांना, एक शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. प्रत्येकी ५०० रुपये मानधनाने ४८ वर्गांचे ४८,००० रुपये. १६० वह्या ६,४००, परीक्षेचे ८० पॅड ४,००० (हातात नुसता कागद असला की तो थरथरतो आणि मूल आणखी घाबरतं), पेन्सिली-खोडरबर १,६००. वर्गाला येणाऱ्या मुलांना चिक्की किंवा केळं, मुलामागे दर वेळी १० रुपये, एकूण ९,६००. दोन वायरचे माईक ५,०००, दोन स्टँड २,४००, वायरी १,०००, आणि वीज गेली तरी चालणारा बॅटरीचा स्पीकर १४,०००. दोन शाळा गावाबाहेरच्या; त्यांची ४० मुलं एकाच संध्याकाळी आणून रात्री घरी पोचवायला जीपचे ६,०००. माईक-स्पीकरचा खर्च वगळला तर एका मुलामागे ९४५ रुपये येतात. कुणाला एका मुलाचा वाटा उचलायचा असेल तर हा आकडा धरावा. पण कोणत्या मुलाचा, हे कळवलं जाणार नाही.

कुणाकडे चालू स्थितीतला माईक किंवा स्पीकर पडून असेल तर तोही चालेल. आणताना त्याची वायर आणि चार्जर आठवणीने आणा. कॉलर माईक नकोत, कपड्याची सळसळ त्यात येते.

पैशांइतकीच माणसांची गरज आहे. २० मुलांनी एकामागून एक म्हटलं तर ८० मिनिटं त्यातच संपतात. म्हणून पाच-पाचांचे चार गट करायचे आणि प्रत्येक गटासमोर ऐकणारं एक मोठं माणूस बसवायचं. प्रशिक्षक दोन, म्हणजे दर वर्गाला आणखी दोन माणसं. निवृत्त शिक्षक, कीर्तनकार, शाहीर, गणपतीत निवेदन करणाऱ्या ताई, कुणीही या. कविता कळलीच पाहिजे अशी अट नाही. ऐकून झाल्यावर आधी ‘तुझी ही ओळ लक्षात राहिली’ असं सांगायचं, मग एकच दुरुस्ती सुचवायची. तीन दुरुस्त्या एकदम सांगितल्या की एकही होत नाही. स्वतः म्हणून दाखवू नये. मुलं लगेच नक्कल करतात आणि वर्गात एकाच माणसाचे वीस आवाज होतात. कार्यकर्त्याने मुलाबरोबर एकट्याने खोलीत थांबायचं नाही, हा नियम सर्वांना सारखा आहे.

या वयात काही मुलं मारहाणीबद्दल, दारूबद्दल, उपासमारीबद्दल लिहितात. तसं काही वाचनात आलं तर त्याची चर्चा गटात होणार नाही. प्रशिक्षक मुख्याध्यापकांशी बोलतील आणि गरज पडल्यास १०९८ या चाईल्ड हेल्पलाइनला कळवतील. कोणती कविता मंचावर म्हणायची, हे शेवटी मूलच ठरवेल. कार्यक्रमात मुलांचं चित्रीकरण करून समाजमाध्यमांवर टाकू नये. वाचनालयही पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकणार नाही.

देणगी वाचनालयाच्या कचेरीत, रोज संध्याकाळच्या वेळेत स्वीकारली जाईल. पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. २,००० रुपयांवरची रक्कम धनादेशाने किंवा बँकेतूनच द्यावी. परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी : भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम घेता येते, परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी परकीय योगदान कायद्याच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही आणि तशी नोंदणी आपल्याकडे नाही. त्यांनी भारतातल्या नातेवाइकांच्या नावानेही पाठवू नये.

मानधन आणि वह्यांचे पैसे वर्ग सुरू होण्याआधी जमायला हवेत, माईक-स्पीकरचे सहाव्या आठवड्यापर्यंत. ऐकायला येणाऱ्यांनी शुक्रवार की शनिवार आणि कोणती शाळा जवळची, एवढं कचेरीतल्या वहीत लिहावं. बारापैकी किमान आठ आठवडे येणं जमत असेल तरच नाव द्यावं, कारण मुलं ओळखीच्या माणसासमोर मोकळी होतात आणि दर आठवड्याला नवा चेहरा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.