कबुली वाचायची नसते, तपासायची असते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत युद्धोत्तर जपानी कादंबऱ्यांवर लेख आला. मराठी वृत्तपत्रांत हा विषय क्वचितच येतो, म्हणून लेखाचे स्वागत. मात्र त्यातला मुख्य मुद्दा आम्हाला पटला नाही. या कादंबऱ्यांतला वृद्ध चित्रकार किंवा परतलेला सैनिक शेवटी चूक कबूल करतो, मन मोकळे करतो आणि तीच कलावंताची जबाबदारी, असा लेखाचा सूर आहे. आमच्या वाचनाप्रमाणे या साहित्यातली कबुली म्हणजे नुसता एक पुरावा. तो खरा किती, अपुरा किती आणि कोणाच्या सोयीचा, हे ठरवायचे काम लेखकाने वाचकावर सोपवलेले असते.

आधी एक दुरुस्ती. लेखात काझुओ इशिगुरो यांची 'ॲन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड' ही जपानी कादंबरी म्हणून आली आहे. इशिगुरो १९५४ साली नागासाकीत जन्मले, पण पाच वर्षांचे असतानाच आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेले. ही कादंबरी त्यांनी इंग्रजीत लिहिली आणि ती १९८६ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे युद्धानंतर चार दशकांनी आणि दुसऱ्या देशातून. त्यामुळे १९४७-४८ मध्ये प्रत्यक्ष जपानात लिहिणाऱ्यांच्या रांगेत तिला बसवता येत नाही. तरीही प्रश्न तोच असल्यामुळे सुरुवात तिच्यापासूनच करतो.

कादंबरीचे चार भाग आहेत आणि प्रत्येकावर महिना व वर्ष आहे : ऑक्टोबर १९४८, एप्रिल १९४९, नोव्हेंबर १९४९, जून १९५०. निवेदक मासुजी ओनो हा निवृत्त चित्रकार. युद्धाच्या काळात त्याने राष्ट्रवादी चित्रे काढली, मानसन्मान मिळवला. प्रत्येक भागात तो त्या-त्या महिन्यात बसून बोलतो आहे आणि दरम्यान घरात काहीतरी बदललेले आहे. भागांवरच्या तारखा न बघता वाचले की ओनो एकच एक सलग गोष्ट सांगतोय असे वाटते आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

कुरोदाचा प्रसंग पाहा. कुरोदा हा ओनोचा सर्वांत गुणी शिष्य. त्याच्याबद्दल ओनोनेच देशविरोधी कारवायांच्या समितीकडे शब्द टाकला. ओनो त्याच्या घरी पोहोचतो तेव्हा पोलीस आलेले आहेत, जळण्याचा वास येतो आहे, मागच्या बाजूला चित्रे जाळली गेली आहेत, घरात एक बाई रडते आहे. ओनो म्हणतो, कोणीतरी येऊन त्याच्या भल्यासाठी दोन शब्द सांगावेत, एवढेच मी सुचवले होते. संपूर्ण कादंबरीत या घटनेला जेमतेम दोन-तीन पाने मिळतात. तीही भलत्याच आठवणीच्या ओघात येतात आणि ओनो लगेच दुसरीकडे वळतो. आपण कलेची दिशा कशी चुकलो यावर मात्र तो पानेच्या पाने बोलतो. 'आमच्या पिढीने चूक केली' हे म्हणायला त्याला जड जात नाही. अमुक माणसाचे नाव अमुक कार्यालयात मी दिले, हे वाक्य तो सरळ कधीच उच्चारत नाही. पुरवणीतल्या लेखाने नेमके हेच प्रकरण वगळले, आणि ते वगळले की ओनो एक हळवा, प्रामाणिक म्हातारा उरतो.

आता कबुली येते कधी, ते पाहा. धाकट्या मुलीचे, नोरिकोचे, लग्न ठरत नाही. आदल्या वर्षी एक स्थळ जमता जमता मोडले. ओनो त्याचे कारण सांगतो की मुलाकडच्यांना त्यांचा स्वतःचाच दर्जा कमी वाटला असावा. पुढे दुसऱ्या स्थळाशी बोलणी सुरू होतात, मुलाकडचे चौकशी करणार हे उघड होते. तेव्हा ओनो जुन्या ओळखीच्यांकडे चकरा मारू लागतो, कुरोदाच्या घरीसुद्धा जातो. तिथे भेटलेला तरुण आधी आदराने चहा देतो आणि नाव कळताच बदलतो. कुरोदाला तुरुंगात काय सोसावे लागले ते ऐकवून ओनोला वाटेला लावतो. त्यानंतर हॉटेलातल्या बघण्याच्या जेवणात ओनो सर्वांदेखत आपली चूक मान्य करतो. म्हणजे कबुली मुलीच्या स्थळासाठी दिलेली आहे. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही, पण ती ज्या बैठकीत दिली त्या बैठकीसकट वाचली पाहिजे. स्थळ, मध्यस्थ, घराण्याची चौकशी, मोडलेल्या बोलण्यांची कुजबुज हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, म्हणून आपल्याकडे ही कादंबरी जास्तच चांगली कळायला हवी.

पुढचा धक्का तिसऱ्या भागात आहे. थोरली मुलगी सेत्सुको हिने बोलण्यांआधी आपल्याला सावध केले होते, असे ओनो पहिल्या भागात सांगतो. तीच आता म्हणते की काळजी घ्या असे मी सुचवलेच नव्हते, तुमच्या त्या कबुलीने सगळे बुचकळ्यात पडले होते, आणि बाबा, तुम्ही शेवटी एक चित्रकार, एवढ्या मोठ्या गोष्टींशी तुमचा कितीसा संबंध. आता वाचकाने कोणाचे मानायचे? मुलगी बापाला जपते आहे, की बापाने स्वतःचे महत्त्व वाढवून ठेवले आहे? महत्त्व वाढवायला पश्चात्तापही उपयोगी पडतो. माझ्यामुळे देश चुकला असे म्हणणारा माणूस, देश माझ्यामागे चालत होता असेही सांगत असतो. इशिगुरो निकाल देत नाहीत. आमचे मत मात्र स्पष्ट आहे : चित्रांबद्दल सेत्सुकोचे म्हणणे ग्राह्य धरले, तरी कुरोदाच्या नावाची जबाबदारी त्याने तसूभरही कमी होत नाही.

लग्नाच्या चौकशीतून भूतकाळ उघडण्याची ही युक्ती जपानी भाषेत आधी झालेली आहे. मासुजी इबुसे यांची 'कुरोई आमे' म्हणजे 'काळा पाऊस' १९६५ पासून मासिकात क्रमशः येऊ लागली, तेव्हा सुरुवातीला तिचे नावच 'पुतणीचे लग्न' या अर्थाचे होते. पुस्तक १९६६ चे. हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा पुतणी तिथे होती या वावड्यांनी स्थळे फिरतात, म्हणून काका शिगेमात्सु आपली त्या दिवसांची रोजनिशी पुराव्यादाखल उतरवून काढू लागतो. पेनची शाई पुढे फिकी पडते म्हणून तो ब्रशने लिहितो. पुतणी निर्दोष ठरावी म्हणून सुरू केलेली नक्कल पुढे सरकते तसे उलटेच सिद्ध होत जाते. इथे स्मरण हे हाताने करायचे काम आहे, आणि ओनोच्या गप्पांशी ताडून पाहण्यासारखे यापेक्षा चांगले पुस्तक आम्हाला माहीत नाही.

प्रत्यक्षातल्या कलावंतांचे काय झाले, हे लेखात यायला हवे होते. कवी आणि शिल्पकार कोतारो ताकामुरा यांनी युद्धाचा गौरव करणाऱ्या कविता लिहिल्या. युद्ध संपल्यावर ते इवाते प्रांतात हानामाकीजवळच्या खेड्यात एका झोपडीत सात वर्षे एकटे राहिले आणि १९४७ साली स्वतःच्या मूढपणाचा वृत्तान्त सांगणारी वीस कवितांची मालिका प्रसिद्ध केली. चित्रकार त्सुगुहारु फुजिता यांनी १९४३ मध्ये आत्तू बेटावरच्या शेवटच्या लढाईचे प्रचंड चित्र काढले. युद्धानंतर त्यांच्यावर बोटे रोखली गेली, १९४९ साली त्यांनी जपान सोडले आणि पुढे फ्रान्सचे नागरिकत्व घेतले. अमेरिकेने नेलेली युद्धचित्रे १९७० साली जपानला परत मिळाली. १५३ चित्रे टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत, पण बेमुदत उसनी दिलेली, अशा अटीवर. आशीहेई हिनो यांचे १९३८ चे सैनिकी वृत्तान्त लाखोंनी खपले. उलट तात्सुझो इशिकावा यांनी त्याच वर्षी सैनिकांची क्रूरता कादंबरीत मांडली, तर मासिकाचा अंक जप्त झाला आणि लेखकाला चार महिन्यांची स्थगित कैद झाली. कोणालाच काही माहीत नव्हते, हा बचाव या एका खटल्यापुढे टिकत नाही.

दोषींच्या याद्याही निघाल्या. १९४६ मध्ये डाव्या साहित्यिकांच्या मासिकात २५ लेखकांची नावे युद्धाला जबाबदार म्हणून छापली गेली. दशकभराने ताकाआकी योशिमोतो या तरुण समीक्षकाने पुरोगामी म्हणून मिरवणाऱ्या कवींच्या युद्धकाळातल्या कविता शोधून काढल्या आणि त्यांच्या नव्या कवितांशेजारी ठेवल्या. विषय बदलला होता, आवेश तोच होता. त्याच १९४६ साली चित्रपट दिग्दर्शक मानसाकु इतामी यांनी लिहिले की जो तो आपण फसवले गेलो म्हणतो, पण मी फसवले असे म्हणणारा एकही भेटत नाही. वरच्याकडून फसलेला प्रत्येक जण खालच्याला फसवत होता, आणि फसणे हाही एक दोषच आहे. कलावंताच्या जबाबदारीवर त्या काळात लिहिलेले यापेक्षा कठोर आणि न्याय्य काही आमच्या वाचनात नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीविरुद्ध घेतलेली भूमिका आठवते, आणि ती आठवावीच. पण जपानी कादंबरीने लक्ष वळवले ते जे बोलले नाहीत, किंवा उलट बाजूने बोलले, त्यांच्याकडे. तशी मराठी कादंबरी आम्हाला अजून हवी आहे.

नागपुरात एक वेगळी अडचण होते. आपले जपानशी नाते दीक्षाभूमी, जपानहून आलेले भिक्षू भदन्त सुरई ससाई आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर यांतून आलेले आहे. साहजिकच जपानी पश्चात्ताप म्हटला की करुणा, शांती आणि चीवर डोळ्यांसमोर येते, आणि लेखातही मिचिओ ताकेयामा यांच्या 'ब्रह्मदेशाची वीणा' या कादंबरीचे म्हणूनच कौतुक आहे. ती १९४८ साली पुस्तकरूपाने आली. मुळात ती लहान मुलांच्या मासिकासाठी लिहिलेली. युद्ध संपल्यावर एक सैनिक भिक्षूच्या वेशात मागे राहून आपल्या मृतांचे अंत्यसंस्कार करतो. पण लेखक ब्रह्मदेशात कधी गेलेले नव्हते. भिक्षू वीणा वाजवतो हे तर आपल्या विहारात अष्टशील घेणाऱ्या कोणत्याही उपासकाला खटकेल, कारण 'नच्चगीतवादित' म्हणजे नाच, गाणे, वादन यांपासून विरती तिथे पाठच असते. त्याहून मोठी उणीव अशी की दुःख जपानी सैनिकांचे आहे, ज्यांच्या देशात ते शिरले ती माणसे फक्त पार्श्वभूमीला. यासमोर शोहेई ओओका यांची 'नोबी' म्हणजे 'माळावरचे वणवे' ही कादंबरी ठेवा. लेखक स्वतः फिलिपाइन्समध्ये युद्धकैदी झालेले. त्यांचा सैनिक लेते बेटावरच्या एका ओसाड गावात निःशस्त्र फिलिपिनो बाईला गोळी घालतो, तिथले मीठ घेतो आणि बंदूक पाण्यात टाकतो. बाई मेली आहे आणि तिला मारणारा 'मी' आहे, हे त्या पानांतून पुसता येत नाही. शुसाकु एन्दो यांची 'समुद्र आणि विष' (१९५८) आणखी पुढे जाते. १९४५ मध्ये क्युशू विद्यापीठात आठ अमेरिकी वैमानिकांवर जिवंतपणी शस्त्रक्रिया झाल्या, त्यावर ती बेतलेली आहे. तिच्यातला तोदा हा डॉक्टर आपल्याला पश्चात्ताप होतच नाही, लहानपणापासून भीती फक्त लोकांनी पकडण्याची वाटली, हे शांतपणे लिहून ठेवतो. पश्चात्ताप न होणारा माणूस इतक्या प्रामाणिकपणे फार थोड्या लेखकांनी लिहिला आहे.

वर्षांबद्दलही सावध राहावे लागते. सप्टेंबर १९४५ पासून अमेरिकी अंमलाची छपाईवर सेन्सॉरशिप होती, ती १९४९ पर्यंत चालली. युद्धकाळातले जपानी सेन्सॉर काटलेल्या मजकुराच्या जागी फुल्या राहू देत. या नव्या सेन्सॉरला कापल्याची खूणसुद्धा चालत नसे. योको ओता यांचे हिरोशिमावरचे 'प्रेतांचे शहर' १९४८ मध्ये काटछाट होऊन आले, पूर्ण १९५० मध्ये. त्यामुळे अमुक लेखक १९४७ साली गप्प का, असे विचारण्याआधी हातातली आवृत्ती कोणत्या सालच्या पाठावरून केली आहे ते प्रस्तावनेत पाहावे.

वाचनालयांतल्या गटांना आमची सूचना अशी. ओनोची कादंबरी घेताना वहीत चार रकाने आखा : प्रसंग, निवेदक तो कोणत्या महिन्यात बसून सांगतोय, समोर कोण आहे, आणि त्याचे म्हणणे पुढे कोण खोडते. 'नेमके हेच शब्द होते असे नाही' अशा अर्थाची वाक्ये आली की पान क्रमांक टिपा. ती ओनो वारंवार वापरतो, आणि बहुतेकदा दुसऱ्याच्या तोंडचे बोल सांगताना. एका बैठकीत एकच भाग घ्या, कारण दोन भाग एकत्र घेतले की मधले महिने हरवतात आणि बदललेली साक्ष लक्षात येत नाही. ज्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले आहेत, त्यांचे चित्रपट आधी दाखवू नका. नावे शोधताना दोन्ही क्रम बघा : जपानीत आडनाव आधी, इंग्रजी भाषांतरात बहुधा शेवटी, त्यामुळे एन्दो कधी 'ए'खाली तर कधी 'शु'खाली सापडतात.

आपल्याकडे मागणी एवढीच की परदेशी कादंबरीचा परिचय छापताना सोबत चौकट द्यावी : मूळ भाषा, मासिकातले व पुस्तकाचे साल, भाषांतरकाराचे नाव आणि भाषांतर मूळ भाषेवरून की इंग्रजीवरून. या विषयावर दुसरा लेख काढणार असाल, तर तो ताकामुरा आणि इतामी यांच्यावर काढावा. मराठीत त्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच उपलब्ध नाही.

कळावे.
जपानी कथासाहित्याचे काही वाचक, नागपूर